टाळेबंदी पोलिसांच्या बळावर चालत नाही, मग कशावर चालते?

जानेवारी २०२५ मध्ये दोन बातम्या पाठोपाठ आल्या. आधी चीनमधल्या एचएमपीव्ही विषाणूची, मग पुण्यातल्या जीबीएसची. जीबीएस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातपायांतली ताकद जाऊ लागते. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात रुग्ण वाढले, दूषित पाण्यावर संशय गेला आणि एका संशयित मृत्यूची नोंद सोलापुरात झाली. हा आजार एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. तरीही चहाच्या टपरीवर, रिक्षा स्टॉपवर, दवाखान्याच्या बाकड्यावर पहिला प्रश्न एकच होता: "परत लॉकडाऊन लागणार का?"

रोगाच्या आधी माणसांना बंदी आठवते, याचा अर्थ २०२०-२१ ची जखम अजून भरलेली नाही. त्या वेळचा कोणता नियम बरोबर होता आणि कोणता चुकीचा, हा वाद चालूच राहील. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न साथ नसतानाच समजून घ्यायला हवा. सरकारने "घरात थांबा" म्हटलं की लोक का थांबतात? आणि कधी कधी का थांबत नाहीत?

आधी थोडं गणित

एक रुग्ण सरासरी जितक्या जणांना आजार देतो, त्या आकड्याला साथरोगतज्ज्ञ 'आर' म्हणतात. सुरुवातीच्या कोरोना विषाणूसाठी हा आकडा अडीचच्या आसपास धरत. एकाचे अडीच, अडीचाचे सव्वासहा, असं करत दहाव्या पायरीवर ही संख्या साडेनऊ हजारांवर जाते, आणि एक पायरी पाच-सहा दिवसांची. आर एकच्या खाली आला की साथ ओसरू लागते. अडीचाचा एक करायचा तर माणसांच्या भेटीगाठी साठ टक्क्यांनी कमी व्हायला हव्यात. सगळ्या निर्बंधांची धडपड एवढ्यासाठीच असते. मास्क, उघड्या खिडक्या आणि आजारी माणसाने वेगळं राहणं यांनीही तोच आकडा खाली येतो.

आता हे साठ टक्के आणायचे कुणी? २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. देशात दर लाख माणसांमागे दीडशेच्या आसपास पोलीस आहेत. त्या हिशेबाने शहराच्या वाट्याला चौदाशे-पंधराशे येतात. पाळ्या, रजा, कोर्टाची कामं वजा केली तर एका वेळी रस्त्यावर उभे राहणारे त्याहून कितीतरी कमी. ते सात रस्त्यावर दिसतील, अशोक चौकात दिसतील, नवी पेठेच्या तोंडाशी दिसतील. साथ मात्र पसरते बंद दाराआड: घरात, कारखान्यात, लग्नाच्या मांडवात, मयतीला जमलेल्या माणसांत. अंगात कणकण आल्यावर तपासणीला जायचं की तापाची गोळी घेऊन कामावर जायचं, हे माणूस एकटा ठरवतो. आपण कुणाकुणाला भेटलो ती नावं सांगायची की गिळायची, हेही तोच ठरवतो. तिथे बॅरिकेड पोहोचत नाही.

भिशीत काय असतं ते आठवा

सोलापूरच्या पूर्व भागात गल्लोगल्ली भिशी चालते. बाराजणी दरमहा ठरलेली रक्कम काढतात, दर महिन्याला एकीची भिशी लागते. ना स्टँपपेपर, ना वकील. तरी वर्षानुवर्षं हा कारभार चालतो, कारण प्रत्येकीला दोन गोष्टींची खात्री असते: भिशी चालवणारी हिशेब सरळ ठेवेल, आणि बाकीच्या अकराजणी आपापला हप्ता देतील. आता समजा एका महिन्यात कळलं की दोघींनी हप्ता चुकवला, आणि चालवणारीने आपल्या जावेचं नाव मात्र झाकून नेलं. पुढच्या महिन्यात आणखी चौघी हात आखडता घेतील. त्या काही एका रात्रीत बेइमान झालेल्या नसतात. बाकीच्या देत नसताना आपणच का द्यायचं, एवढाच त्यांचा सवाल असतो, आणि तो रास्त आहे.

निर्बंध अगदी असेच असतात. मी दुकान बंद ठेवलं आणि शेजाऱ्याने मागच्या दाराने गिऱ्हाईक केलं, तर माझा धंदाही गेला आणि साथही थांबली नाही. म्हणून इथेही दोन वेगळे विश्वास लागतात. एक सरकारवरचा आणि एक एकमेकांवरचा.

हे दोन विश्वास वेगवेगळे मोजूनही पाहिले गेले आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १७७ देशांची तुलना आली. कोणता देश साथीसाठी किती सज्ज आहे हे सांगणारे जे निर्देशांक आधीपासून होते, त्यांचा कोरोनाच्या संसर्गाशी ठळक संबंध दिसला नाही. ठळक संबंध दिसला तो विश्वासाशी. अभ्यासकांच्या अंदाजाने, सगळ्या देशांत सरकारवरचा विश्वास डेन्मार्कइतका असता तर संसर्ग सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाला असता. लोकांचा एकमेकांवरचा विश्वास तितका असता तर सुमारे ४० टक्क्यांनी. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं होत नाही, डेन्मार्कमध्ये इतरही पुष्कळ गोष्टी वेगळ्या आहेत. तरी दुसरा आकडा पहिल्याच्या तिप्पट आहे, याकडे आपण पुरेसं लक्ष दिलेलं नाही असं मला वाटतं. साथीच्या काळात शेजाऱ्याच्या दारावर शिक्का मारून त्याला गल्लीचा गुन्हेगार ठरवलं गेलं, तेव्हा आपण नेमका हाच दुसरा विश्वास मोडत होतो.

"आपले लोक असे ऐकत नाहीत, काठीच हवी"

ही हरकत सगळ्यात जास्त ऐकू येते. तिचं उत्तर आपल्याच मातीत सापडतं, कारण काठीचा प्रयोग महाराष्ट्रात पूर्ण ताकदीनिशी झालेला आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. चारच कलमांचा हा कायदा, पण सरकारला वाटेल तो उपाय करण्याची मुभा देणारा आणि तो राबवणाऱ्या अधिकाऱ्याला दाव्यापासून संरक्षण देणारा. पुण्यात वॉल्टर रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरांत घुसले. देवघरं, स्वयंपाकघरं धुंडाळली, रुग्णांना उचलून नेलं, सामान जाळलं. मग लोकांनी रुग्ण लपवायला सुरुवात केली, प्रेतंसुद्धा लपवली. साथीच्या दृष्टीने याहून वाईट काही नाही, कारण लपवलेला रुग्ण घरातल्या सगळ्यांना आजार देतो आणि सरकारच्या वहीत तो नसतोच. मुंबईत तर ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला होता. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढच्या वर्षांत सरकारलाच पाऊल मागे घ्यावं लागलं. सक्ती सैल झाली, वेगवेगळ्या समाजांना आपापली रुग्णालयं चालवू दिली गेली, स्थानिक माणसं सोबत घेतली गेली.

त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या कडेला सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत प्लेगच्या रुग्णांवर उपचार करत होते. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रुग्णाला घराबाहेर काढायचं काम सोजीरही करत होते आणि सावित्रीबाईही. आई-बापांनी मूल कुणाच्या स्वाधीन केलं असतं, हे वेगळं सांगायला नको.

आणि हाच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला.

पंढरपूर, दोन वेळा

आपल्याच जिल्ह्यातली दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहू.

१ जुलै २०२० ची आषाढी. जिथे लाखो वारकरी येतात त्या पंढरपुरात संचारबंदी होती. पायी वारी झाली नाही. मानाच्या पालख्यांतल्या पादुका मोजक्या माणसांसोबत एसटीने आल्या. शतकांची परंपरा, घराघरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली वारी, आणि तरीही लोकांनी ते मानलं. का मानलं? मे महिन्यातच पालखी सोहळ्यांच्या प्रमुखांशी बैठक झाली होती. निर्णय त्यांना बाहेरून कळला नाही, ते त्या निर्णयात होते. कारण साधं आणि पटणारं होतं: एवढा जनसमुदाय एकत्र आला आणि मग गावोगावी परतला तर काय होईल हे कुणालाही कळत होतं. आणि नियम सगळ्या दिंड्यांना सारखा होता. दुःख झालं, पण फसवणूक झाल्याची भावना आली नाही. ज्यांच्या घरी वारी आहे त्यांना हा फरक लगेच कळेल.

आता एप्रिल २०२१. दुसरी लाट चढत होती. ५ एप्रिलपासून राज्यातली सगळी प्रार्थनास्थळं बंद झाली, विठ्ठलाचं मंदिरही. १४ एप्रिलच्या रात्री आठपासून राज्यभर संचारबंदी लागली. आणि याच दिवसांत पंढरपूर-मंगळवेढा मतदारसंघात पोटनिवडणुकीचा प्रचार जोरात होता. मतदान १७ एप्रिलला झालं. सगळ्या मोठ्या पक्षांचे नेते आले, सभा झाल्या, गर्दी झाली. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी असा कायदा आहे हे खरं. पण अडचण असेल तर ती पुढे ढकलण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. विठोबाचं दार बंद आणि सभेचं मैदान उघडं, हे ज्याने पाहिलं त्याला दुसऱ्या दिवशी "गर्दी टाळा" असं कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने प्रचारसभांवरून निवडणूक आयोगाला कडक शब्दांत सुनावलं, तेव्हा ते इथल्याही अनेकांच्या मनातलं होतं.

एका माणसाने नियम मोडल्याचा परिणाम किती खोल जातो, हे ब्रिटनमध्ये दिसलं. पंतप्रधानांचे मुख्य सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज टाळेबंदीत कुटुंबासह डरहॅमला गेल्याचं मे २०२० मध्ये उघड झालं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे संशोधक तेव्हा हजारो लोकांना नियमित प्रश्न विचारतच होते. त्यांना दिसलं की त्या बातमीनंतर इंग्लंडमध्ये सरकारवरचा विश्वास घसरला. स्कॉटलंड आणि वेल्सची सरकारं वेगळी आहेत, तिथे तशी घसरण झाली नाही. विषाणू मात्र सगळीकडे तोच होता.

"घरात राहा" म्हणताना घर केवढं आहे ते पाहावं लागतं

नीलम नगर किंवा अक्कलकोट रस्त्याच्या बाजूच्या कुठल्याही वस्तीत जा. विडी कामगार बाई दारात बसलेली असते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून ठेवलेली तेंदूची पानं, कात्री, धाग्याची रीळ. मजुरी मिळते ती हजार विड्यांवर. पानं आणि तंबाखू आणायचा, विड्या वळायच्या, त्या नेऊन जमा करायच्या, हा फेरा थांबला की त्या आठवड्याचा पैसा थांबला. यंत्रमागावरच्या कामगाराचंही तेच, टॉवेल-चादरींचा माग बंद तर मजुरी बंद. घर म्हणजे खोली, खोलीत पाच-सहा माणसं. ताप आलेल्याला वेगळं ठेवायचं तर कुठे, माळ्यावर?

अशा घरातला माणूस तपासणीला यायला कचरतो, तेव्हा त्याला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्याच्या बाजूने पाहा. अहवाल पॉझिटिव्ह आला तर तो क्वारंटाईन सेंटरला जाणार, घरच्यांनाही नेणार, बांबू आणि पत्रे लावून गल्ली सील होणार, आणि गल्लीतल्या तीस घरांची मजुरी त्याच्या नावावर जमा होणार. एवढी किंमत असेल तर माणूस ताप लपवेल. ती किंमत कमी करणं सरकारच्या हातात असतं.

काही गोष्टी झाल्याही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळालं. शिवभोजन थाळी पाच रुपयांना झाली. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांसोबत राज्य सरकारने नोंदणी असलेले फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक, बांधकाम कामगार आणि घरेलू कामगारांना दीड हजार रुपये जाहीर केले. मात्र "नोंदणी असलेले" या दोन शब्दांत खूप माणसं बाहेर राहतात. आणि दीड हजारांत सोलापुरातलं घर किती दिवस चालतं, हे वाचकांना मी सांगायची गरज नाही.

वेळेचंही तसंच. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि बारा वाजता लागू झाली. चार तास. सोलापुरात १६ ते २६ जुलै २०२० ची शहरबंदी झाली तेव्हा सुरुवातीची आणि शेवटची तारीख आधी माहीत होती. आधी सांगितलं की बाजारात गर्दी उसळते हे खरं आहे, पण हातावर पोट असलेल्याला तेवढ्यात आठवड्याचं किराणा आणि औषध भरता येतं. शेवटची तारीख कळली तर दात-ओठ खाऊन का होईना, माणूस तोवर तग धरतो. "पुढील आदेशापर्यंत" हे शब्द मात्र धीर संपवतात.

"खरं सांगितलं तर लोक घाबरतील"

असं अधिकाऱ्यांना मनापासून वाटतं. अनुभव उलटा आहे. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने आधी नोंद न झालेले १,३२८ मृत्यू एकदम आकडेवारीत घातले. सोलापुरातही सुटलेले मृत्यू नंतर यादीत घालावे लागले. आकडे जुळवून दुरुस्त करणं हे चांगलंच काम आहे. पण उशीर झाला की लोक दुरुस्तीला कबुली समजतात आणि पुढच्या प्रत्येक आकड्यात आणखी थोडे मिसळून वाचतात. व्हॉट्सॲपवरची अफवा याच फटीतून शिरते.

सल्ला बदलतो तेव्हाही असंच होतं. सुरुवातीला निरोगी माणसाने मास्क लावायची गरज नाही असं सांगितलं गेलं. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरगुती मास्क वापरा म्हटलं, जागतिक आरोग्य संघटनेने सामान्य लोकांसाठी मास्कचा सल्ला ५ जूनला दिला. नवा विषाणू कळत जातो तसा सल्ला बदलणारच. फक्त तो बदलताना "आधी असं का सांगितलं, आता काय नवं कळलं" हे त्याच दमात सांगायला हवं. नाहीतर लोक म्हणतात, यांनाच काही माहीत नाही.

कोण सांगतंय हेही महत्त्वाचं. पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलतात, शहरात कन्नड आहे, उर्दू आहे. घंटागाडीवरच्या भोंग्यातून आलेली सरकारी मराठी सूचना कानावर पडते. ओळखीच्या डॉक्टरने, समाजातल्या वडीलधाऱ्याने, मशिदीतल्या मौलानांनी आपल्या भाषेत सांगितलेलं मनात राहतं.

विश्वास म्हणजे डोळे मिटून ऐकायचं का?

नाही. भिशीतल्या बायकाही वही मागतात, आणि वही मागितली म्हणून भिशी मोडत नाही.

मूलभूत हक्कांवर बंधन घालताना सरकारला काय दाखवावं लागतं, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने एक कसोटी मान्य केली आहे. तिला प्रमाणबद्धता म्हणतात. बंधनाचा हेतू योग्य आहे का? त्या उपायाने तो हेतू खरंच साधतो का? यापेक्षा कमी त्रासाचा मार्ग होता का? आणि होणारा फायदा लोकांच्या नुकसानीच्या मानाने पुरेसा आहे का? पुढच्या वेळी कुठलाही आदेश आला तर हे चार प्रश्न कुणीही विचारू शकतो. उदाहरणार्थ, २०२० मध्ये रस्त्यांवर, अगदी माणसांच्या अंगावरही जंतुनाशकाची फवारणी झाली. हेतू योग्य होता. पण माणसांवर फवारण्याचा उपयोग नाही, उलट अपाय होतो, असं आरोग्य मंत्रालयानेच त्या एप्रिलमध्ये सांगितलं. म्हणजे दुसऱ्याच प्रश्नावर तो उपाय नापास.

२ मे २०२२ रोजी लसीकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कुणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकतं, पण ते प्रमाणात असले पाहिजेत. लसीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांना नोंदवता यावी आणि पाहता यावी, असंही न्यायालयाने बजावलं. लस घ्या असं सांगणाऱ्या माझ्यासारख्यांना हा निकाल अडचणीचा वाटायचं काही कारण नाही. दुष्परिणामांची वही उघडी असेल तर लस घ्यायला सांगणं सोपंच होतं.

आणखी एक फॉरवर्ड फिरत असतो, की जागतिक आरोग्य संघटना आता भारतात लॉकडाऊन लावू शकेल. मे २०२५ मध्ये संघटनेच्या सदस्य देशांनी साथविषयक करार मंजूर केला, त्यावरून हे पसरलं. त्या करारातच स्पष्ट लिहिलं आहे की टाळेबंदी, प्रवासबंदी किंवा लससक्ती लादण्याचा अधिकार संघटनेला मिळत नाही. तो निर्णय आपल्याच सरकारांचा राहतो आणि जाबही त्यांनाच विचारायचा असतो.

साथ नसताना करायची कामं

फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात १८९७ च्या कायद्यात मोठ्या त्रुटी असल्याचं म्हटलं आणि तो सुधारावा किंवा नवा करावा अशी शिफारस केली. केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्थांनी कुणी काय करायचं, याचा आराखडा आधीच तयार असावा, असंही सुचवलं. नव्या कायद्यात माझ्या मते तीन गोष्टी हव्यातच: आदेशासोबत त्याचं कारण, त्याची शेवटची तारीख, आणि बुडालेल्या मजुरीचं काय ते.

कायदा दिल्ली-मुंबईत होईल. दार वाजवायचं काम गल्लीत होतं, आणि ते आशा सेविका करतात. सप्टेंबर २०२० च्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजायला गेलेल्या पथकांत त्या होत्या. कुणाच्या घरी गरोदर सून आहे, कुणाला टीबीची गोळी चालू आहे, हे त्यांना आधीपासून माहीत असतं, म्हणून लोक त्यांच्यासाठी दार उघडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच आशा सेविकांनी मानधनासाठी संप केला. वाढीचं आश्वासन मिळालं, पण आदेश निघाला नाही. जानेवारी २०२४ मध्ये त्या पुन्हा संपावर गेल्या, मुंबईत आझाद मैदानात बसल्या, तेव्हा मार्चमध्ये पाच हजारांची वाढ मंजूर झाली. तुमच्या भागातली आशा सेविका कोण आहे, आणि तिचं मानधन दरमहा वेळेवर येतं का, हे तिलाच विचारून पाहा. येत नसेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि आपल्या आमदाराकडे लेखी विचारा.